तुळशीच्या लग्नाआधी डोंगरवाटांवर जीप नको

सत्तरीकर:
पाऊस परतला की गोव्यातले फोर-बाय-फोरवाले, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांवाले, बाहेर पडतात. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत चोर्ल्याखालच्या आणि नेत्रावळीकडच्या कच्च्या वाटांवर गाड्यांची रांग लागते. माझं म्हणणं सरळ आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत या वाटांवर गाडी घालू नये.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी-सांग्याच्या डोंगरात त्याहून जास्त. ऑक्टोबरच्या उन्हात मातीचा वरचा पापुद्रा वाळून फिका पडतो आणि वाट सुकली असं वाटतं. पण वीतभर खाली तांबडी माती ओलीच असते, झाडोऱ्याच्या सावलीत तर आणखी काही आठवडे. पावणेदोन टनांची थार जीप वरून गेली की पापुद्रा फुटतो, ओली माती दाबून घट्ट होते, तिच्यात पाणी मुरायला जागा उरत नाही. पाठोपाठ चार-पाच गाड्या गेल्या की खोल चाकोरी पडते. पुढच्या पावसात पाणी चाकोरी धरून खाली धावतं आणि तिचीच घळ होते.

आमच्याकडे अशा उताराच्या पायथ्याशी कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. पोफळींना व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी पाटाने येतं. पाऊस संपला की पाट उपसायचा, हे दरवर्षीचंच काम. पूर्वी मऊ गाळ निघायचा, घमेल्यात भरून पोफळींच्या मुळाशी टाकायचो. आता जांभ्याचे खडे निघतात, फावडं खणकन आपटतं. वरच्या वाटेवर गाड्या फिरू लागल्यापासूनचं हे आहे.

लो-रेंज:
बाब, कुळागराचं वाईट वाटतं, पण सगळा दोष जीपच्या माथी मारू नका. २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत खनिजाचे ट्रक याच सांगे-धारबांदोड्यात दिवसरात्र धावत होते. मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग नेण्यासाठी दिलेली वन्यजीव मंजुरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. डोंगराचं खरं नुकसान तिथं होतं.

दुसरं, गाडी कशी चालवता यावर सगळं आहे. टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणली की चाक पसरतं, वजन वाटलं जातं. लो-रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअर-जोडणीत, दुसऱ्या गिअरवर संथ गेलं तर माती उखडत नाही. रेनफॉरेस्ट चॅलेंज ही गाड्यांची स्पर्धा २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात होत आली आहे. हा खेळच चिखलाचा आहे. कोरड्या वाटेवर शिकणार काय?

पाणंद:
स्पर्धेचा ट्रॅक आखलेला असतो, गावची वाट तशी नसते. शिवाय म्हादई आणि नेत्रावळी १९९९ पासून अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथं परवानगीशिवाय शिरताच येत नाही, मग महिना कुठलाही असो. नकाशावर वाट दिसते म्हणून गाडी घालणाऱ्यांना हे आधी सांगा.

आणि हवा कमी केली तरी चढावर चाक फिरतंच. एकदा फिरलं की गाडीवाला ॲक्सिलरेटर दाबतो. विंचची, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राची, केबल थेट झाडाला बांधलेलीही पाहिली आहे, खाली पट्टा नाही. साल निघून झाडाला कडं पडलं होतं.

कुळेकर:
मी कुळ्याहून दूधसागरला जीप नेतो, म्हणून लिहितो. आमची वाट ठरलेली आहे, जंगल खात्याच्या नियमात आहे. ओढ्यांचं पाणी उतरल्याशिवाय आम्ही सुरू करत नाही, कारण पाणी एअर इनटेकपर्यंत चढून इंजिनात शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हंगामाची कमाई जाते. ओढ्यात जिथे गोटे पक्के बसलेत तिथूनच उतरतो. तुळशीच्या लग्नापर्यंत सरसकट बंदी आली तर ऑक्टोबरपासून हप्ते कसे फेडायचे? आमच्या वाटेला आणि हौशी लोकांच्या वाटांना एकच नियम लावू नका.

सत्तरीकर:
कुळेकर, तुमची वाट मी धरतच नाही. ठरलेली, राखलेली वाट वेगळी. मी बोलतोय ते पायवाटा आणि बैलगाडीच्या वाटांबद्दल, ज्या दुरुस्त करायला कोणी येत नाही.

लो-रेंज, खाणींनी केलं ते मोठं होतं, मान्य. म्हणून आमच्या पाटातले खडे कमी होत नाहीत.

लो-रेंज:
ठीक. पण तारीख कशाला? कधी दिवाळीतही पाऊस झोडपतो, कधी आधीच वाट कडक होते. आमच्या ग्रुपमध्ये एकजण उतरून पुढे चालतो, सावलीतल्या जागी टाच जोरात दाबतो. खळग्यात पाणी पाझरलं किंवा माती बुटाला चिकटून आली तर तिथूनच गाड्या वळवतो.

पाणंद:
टाच दाबून पाहणं चांगलं. तरी तारीख हवीच. शंभर किलोमीटर गाडी हाकत आलेला माणूस वाटेच्या तोंडाशी पोचल्यावर परत फिरायला सहज तयार होत नाही. घरून निघतानाच ठरलेलं असलं तर थांबतो.

लो-रेंज:
आमचा ग्रुप परत फिरतो. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. सत्तरीकर, पाट उपसायला कधी घेणार ते कळवा, आम्ही चौघे-पाच जण येतो. वरची वाटही बघू. चाकोरीत आडवे चिरे लावले तर पाणी बाजूला काढता येईल.

सत्तरीकर:
या. चिरे इथं आहेत. गाड्या मात्र खाली डांबरी रस्त्यावरच लावा.