मदत हवी आहे: मीडियम बॉडीचा, परवडणारा सिगार. कडवटपणा पानाचा, वळणीचा की साठवणीचा?

नमस्कार मंडळी,

सिगारची चव घेऊन त्यावर नीट मत बनवायला शिकतोय आणि एका ठिकाणी अडलोय. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

समोर आहे तो हाताने वळलेला रोबस्टो, म्हणजे आखूड, जाडसर आकाराचा सिगार. लांबी ५ इंच, रिंग गेज ५०, म्हणजे जाडी इंचाच्या ५०/६४. रॅपर (बाहेरून गुंडाळलेलं पान) हबानो जातीचा, फिलर (आत भरलेला तंबाखू) निकाराग्वा आणि डोमिनिकन रिपब्लिकच्या पानांचं मिश्रण. लाकडी पेटीत नाही, गठ्ठ्यात येतो, म्हणून परवडतो. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. मला त्या ब्रँडवर तुमचा निकाल नकोय, निकाल कसा द्यायचा ते समजून घ्यायचंय.

दिसायला ठीक आहे. रॅपरवर एखाद-दोन जाड शिरा आहेत, सगळ्यांचा रंग सारखा नाही, पण बोटांनी हलकेच चाचपत गेलं तर कुठे पोकळ जागा किंवा कडक गाठ लागत नाही. कॅप, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरची पानाची टोपी, साधारण २ मिलिमीटर कापतो. पेटवण्याआधी कोरडा झुरका घेतला की वाळलेलं गवत आणि देवदार जाणवतो, ओढ मोकळी आहे. पेटवताना ब्यूटेनचा लायटर वापरतो आणि ज्योत न टेकवता आधी टोक शेकून घेतो.

पहिला तृतीयांश खरोखर छान जातो. मिरीचा झटका, तो लवकर ओसरतो, मग भाजलेल्या दाण्यांची चव आणि मागे हलका गोडवा. धूर नाकातून सोडला की देवदार स्पष्ट कळतो. मधल्या भागात कधी कोको येतो, कधी काहीच नाही, नुसता धूर. शेवटी कडवटपणा येतो, आणि माझी अडचण ही की तो सगळ्यांमध्ये येत नाही. काही सिगार बँडच्या (डोक्याजवळच्या कागदी पट्टीच्या) बरेच आधी कडू होतात, काही शेवटपर्यंत सरळ जातात. राखेचंही तेच: काहींची इंचभर टिकते, काहींची पापुद्रे सुटून पडत राहते.

तर हा दोष पानाचा धरायचा, वळणाऱ्याचा, साठवणीचा की ओढण्याच्या वेगाचा? मिनिटाला साधारण एक झुरका घेतो. सिगार हवाबंद डब्यात, आर्द्रता ६९ टक्क्यांवर राखणाऱ्या पाकिटासोबत ठेवलेत. आर्द्रता मोजणारा मीटरही ६९ दाखवतो.

शिवाय ‘मीडियम’ हे माप नेमकं कशाचं? धूर तोंडात भरदार लागतो, पण निकोटिनचा तडाखा जवळजवळ नाही.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: ‘या किमतीला चांगला आहे’ हे वाक्य मला पटत नाही. जिभेला किंमत कळत नाही. पण किंमत कमी ठेवायला कुठे हात आखडता घेतला असेल, ते चवीवरून आणि राखेवरून ओळखता यावं असं फार वाटतं.

प्रतिसाद १

तपशील नीट दिलात, त्यामुळे बोलायला सोपं झालं.

बॉडी आणि स्ट्रेंग्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूर तोंडात किती जड, किती भरलेला लागतो ती बॉडी. निकोटिनचा जोर ती स्ट्रेंग्थ. झाडाच्या वरच्या भागातली पानं, म्हणजे लिगेरो, भरपूर ऊन खातात. ती जाड, जोरकस असतात आणि सावकाश जळतात. मधल्या सेको पानांतून सुगंध येतो, खालची व्होलाडो चांगली पेटती राहतात. तुमच्या सिगारमध्ये लिगेरो बेताचंच असणार. ‘मीडियम’ हा शब्द बनवणारा स्वतःच्या अंदाजाने लावतो, त्याला सर्वमान्य मोजपट्टी नाही. रंगावरूनही ठरवू नका. मादुरो रॅपर काळपट होतो तो प्रामुख्याने लांबवलेल्या आंबवणीमुळे, तेवढ्याने सिगार जहाल होत नाही.

कडवटपणासाठी एक साधी तपासणी सांगतो. तो सुरू झाला की पुढचा झुरका घेऊ नका, सिगारमधून हलकेच बाहेरच्या दिशेने फुंका. आत कोंडलेला शिळा धूर निघून जातो. मग दीड-दोन मिनिटं थांबून ओढा. चव परत आली तर कारण उष्णता आणि मागे साचलेला चिकटा. शेवटच्या भागात धुराला थंड व्हायला पान कमी उरलेलं असतं, त्यामुळे आधी चालणारा वेग तिथे जास्त ठरतो. फुंकूनही चव आली नाही तर संशय पानावर.

दुसरं म्हणजे मीटरवर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओल्या वाळूइतपत ओलं करा आणि मीटरसोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जितका फरक पडेल तितकी मीटरची चूक.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. ओलाव्याचा दोष असता तर एका डब्यातले सगळेच सिगार कमी-अधिक बिघडले असते. इथे काही सरळ जातात, काही बिघडतात, राखही वेगवेगळी. माझा संशय वळणीवर आहे.

एक न पेटवलेला सिगार सोडून द्यायची तयारी ठेवा आणि धारदार पात्याने उभा चिरा. डोक्यापासून टोकापर्यंत गेलेली अखंड पानं दिसली तर लाँग फिलर. बारीक तुकडे असतील तर शॉर्ट फिलर: तो लवकर जळतो, गरम होतो, राख सांडते. दोन्हींचं मिश्रणही असतं, आणि स्वस्त गठ्ठ्यांत ते बरंच आढळतं. लिगेरो कुठे बसवलंय तेही पाहा. ते सावकाश जळतं म्हणून मधोमध हवं. एका बाजूला सरकलं तर ती बाजू मागे राहते आणि जळती कड तिरकी होते.

हात कुठे आखडतात हे विचारलंत ना? माझ्या मते तीन जागा. रॅपरच्या रंगाची निवड सैल ठेवतात, त्याने चवीचं फारसं बिघडत नाही, उलट मी तिला शहाणी बचत म्हणेन. फिलरमध्ये कात्रण घालतात, ते राखेत दिसतं. आणि तिसरी, खरी नुकसानीची: पानाला आंबायला, मुरायला वेळ कमी देतात. तेव्हा अमोनियासारखा झोंबरा वास येतो. तसा वास तुमच्या वर्णनात कुठेच नाही, ही चांगली खूण आहे.

प्रतिसाद ३

चव तपासायला धूर नाकातून सोडता ते ठीक, पण तो तोंडातलाच हवा, छातीत ओढलेला नको. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही शरीरात जातं. आणि ओढला नाही म्हणजे धोका टळला असंही नाही: तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. म्हणून तुलना एका बैठकीत उरकू नका. तसंही पहिल्या सिगारनंतर जीभ बधिरते, दुसऱ्याबद्दलचं मत भरवशाचं राहत नाही. वेगळ्या दिवशी, त्याच वेळेला, सोबत फक्त पाणी.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही तपासण्या केल्या.

मिठासोबत मीटर ७५ ऐवजी ७१ दाखवतो. म्हणजे डब्यात ६९ दिसत होतं तेव्हा खरी आर्द्रता ७३ च्या आसपास असावी. सिगार मुळातच ओले आले असतील आणि पाकीट अजून तो ओलावा शोषत असेल.

सिगार चिरला तर बाहेरच्या बाजूने लांब पानं निघाली, मध्ये मात्र कात्रण. शिवाय एक जाड शीर तशीच राहिलेली, बँडच्या थोडी अलीकडे. फुंकून पाहिल्यावर एका सिगारची चव परत आली, दुसऱ्याची नाही. आता हे सगळं एकत्र कसं वाचायचं?

प्रतिसाद २

म्हणजे दोघांचंही थोडं-थोडं बरोबर निघालं. ओलावा जास्त असल्याने सगळेच सिगार काठावर होते, आणि ज्यांची वळणी कच्ची ते काठावरून पडले. मधला भाग सपाट लागतो त्यामागेही मला ओलावाच दिसतो. ओल्या पानातून वाफ जास्त येते, चव दबते.

गठ्ठ्याचे दोन भाग करा. एक ६५ च्या पाकिटासोबत, दुसरा आहे तसा ६९ वर. काही आठवडे हात लावू नका. मग कुणाकडून तरी बँड काढून, कागदाच्या पट्टीवर खूण करून घ्या आणि कोणता कुठल्या डब्यातला ते न बघता ओढा. १९९२ पासून निघणाऱ्या ‘सिगार अफिशिओनाडो’ या अमेरिकन मासिकातही परीक्षकांना ब्रँड कळू न देता सिगार देतात आणि १०० पैकी गुण मागतात. ६५ वाल्यांचा कडवटपणा गेला तर पान निर्दोष. तरीही अधूनमधून एखादा बिघडला तर ती वळणी, आणि ती तुमच्या हातात नाही.

किमतीबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा जरा वेगळं. चवीला सूट देऊ नका, तिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण परवडणाऱ्या सिगारमध्ये मी सगळ्यात जास्त वजन सातत्याला देतो. एक सिगार अप्रतिम आणि पुढचा कडू, यापेक्षा प्रत्येक वेळी तेच दाणे, तोच देवदार, तोच हलका गोडवा देणारा सिगार मला मोठा वाटतो. कात्रण घालूनही ते साधणारा माणूस उत्तम वळणारा असतो. तुमचा पहिला तृतीयांश प्रत्येक सिगारमध्ये तसाच आला, त्याची नोंद नक्की करा.

धागाकर्ता

पटलं. डबे वेगळे केले. एकच शंका: मुरवताना सिगारवरचं सेलोफेन (पारदर्शक वेष्टण) काढायचं की ठेवायचं?

प्रतिसाद १

सेलोफेनमधून ओलावा आत-बाहेर जातो, फक्त सावकाश. ठेवलंत तर रॅपरला इजा होत नाही, काढलंत तर आर्द्रता लवकर स्थिरावते. तुम्हाला तुलना करायची आहे, तेव्हा दोन्ही डब्यांत एकसारखंच करा. माझ्या मते काढा. आणि डबे उष्णतेपासून जपा, १८ ते २१ अंश बरे. तापमान वाढलं की तंबाखूच्या भुंग्याची अंडी उबतात, मग रॅपरला टाचणीएवढी भोकं दिसू लागतात.