मदत हवी आहे: रेडियल आर्म सॉ गुण्यात बसत नाही, वर अंगावर धावून येते

नमस्कार मंडळी. इंदूरला असतो, रिटायर झाल्यापासून मागच्या शेडमध्ये सुतारकाम चालतं. ओळखीतून एक जुनी १० इंची रेडियल आर्म सॉ मिळाली (खांबावर आडवी आर्म, तिच्याखाली मोटर आणि गोल पातं, ते पुढे ओढून फळी कापायची). अमेरिकन, ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावलाय. आपल्या ५० हर्ट्झवर ३४५० ऐवजी साधारण २८५० फेरे मिळतात, चालेल. पण मोटर फार तापते. व्होल्टेज ९५च्या आसपास उतरवावं का?

खरं दुखणं वेगळंच. १२ इंची फळी आडवी कापली की शेवटी २ मिलिमीटर तिरकी. आर्मचं टोक धरून हलवलं तर किंचित डुलतं, म्हणजे आधी खांबाची ढिलाई काढायची, मग टेबल आर्मला समांतर, आणि फेन्स (फळी टेकवायची पट्टी) शेवटी, बरोबर ना? मी उत्साहात फेन्सपासूनच सुरुवात केली, दोन रविवार वाया.

दुसरं, सागवानात पातं स्वतःच चढत पुढे येतं. डावा हात लांब होता म्हणून बरं. टेबल सॉचं पुढे झुकलेल्या दात्यांचं ब्लेड लावलंय, चूक तीच असावी. उणे ५ अंशाचं, म्हणजे दाते मागे झुकलेलं, ६० दात्यांचं कुठे मिळेल? इथल्या सियागंज बाजारात विचारलं तर उत्तर आलं, “भिया, उल्टे दांत कौन मांगता है!”

आर्म मागच्या बाजूला जरा उतरती ठेवता का, म्हणजे सोडल्यावर मोटर आपोआप मागे जाईल? किती?

लांबीत चिरायचं धाडस अजून केलेलं नाही. बायकोने तर शेडला कुलूपच आणून ठेवलंय.