क्रीटला जातोय: बालोस की एलाफोनिसी?

प्रेषक: मुग्धा

नमस्कार मंडळी,

आमचं ग्रीसमधल्या क्रीट बेटाचं एकदाचं ठरलं. ऑगस्टचा पहिला आठवडा, शाळेच्या सुट्ट्यांमुळे दुसरा पर्यायच नाहीये. हानिया शहरात स्वयंपाकघरवाला फ्लॅट बुक केलाय, गाडी पण घेतोय. सोबत सासू-सासरे आहेत, ते सांगलीहून इथे जर्मनीत उन्हाळ्यापुरते आलेत, शेंगेन व्हिसा असल्यामुळे ग्रीससाठी वेगळं काही लागत नाही हे बघून घेतलंय. मोठी नऊ वर्षांची, ती पाण्याबाहेर निघत नाही, धाकटा चारचा, त्याला लाट दिसली की लगेच कडेवर. आईंचा एक गुडघा बदललाय, चालतात व्यवस्थित पण चढ-उतार नको. नाना बहात्तरचे आहेत, त्यांना मात्र आवरावं लागतं.

इन्स्टावरून मी बीचेसची यादी केलीये: बालोस, एलाफोनिसी, सेतान लिमानिया, फालासार्ना, प्रेवेली, माताला, वाई. आठवड्यात बसेल का सगळं? आणि बालोस आणि एलाफोनिसीमधलं एकच निवडायचं झालं तर कुठलं? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज जरा सविस्तर लिहा.

मुग्धा


प्रेषक: शिरीष
विषय: रि: क्रीटला जातोय

मुग्धा,

यादीतलं वाई आत्ताच खोड. क्रीट पूर्व-पश्चिम २६० किलोमीटर आहे आणि वाई एकदम पलीकडच्या टोकाला, हानियाहून एका बाजूलाच पाच तास धर. तिथली खजुराची झाडी छान आहे यात वाद नाही, पण तीच जात प्रेवेलीला पण आहे. माताला पण अडीच तास लांब. गुहा बघायला मजा येते, रोमन काळातली थडगी आहेत ती, ६०च्या दशकात हिप्पी लोक येऊन त्यातच राहायचे, पण चार वर्षांच्या पोराला घेऊन जाऊन-येऊन पाच तास गाडीत बसण्याइतकं काही त्या बीचमध्ये नाही असं माझं मत.

सेतान लिमानिया पण खोड. फोटोत ती जी निळीशार चिंचोळी चिरीसारखी खाडी दिसते ना, तिथे खाली उतरायला धड रस्ता नाही, घसरडी दगडांची पायवाट आहे, दरड पण पडते, आणि खाली वाळू एवढीशी, त्यात शेळ्या येऊन पिशव्यांमधलं खाणं पळवतात. आईंचा तर प्रश्नच नाही, आणि नानांना कळलं तर ते उतरतील म्हणून त्यांना नावच सांगू नकोस.

आता मुख्य मुद्दा. आपण कोकणात गेलो की भरती कधीची आहे हे आधी विचारतो, सकाळी लांबच लांब वाळू असते आणि दुपारी बघावं तर पाणी सुरूच्या झाडांपाशी. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, क्रीटला वीतभर पाणी वर-खाली होतं, म्हणून लोकांना वाटतं समुद्र रोज सारखाच असणार. तसं नाहीये. तिथे सगळा खेळ वाऱ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी म्हणून वारा येतो, आभाळ स्वच्छ, ऊन कडक, फोटोला एकदम झकास दिवस, आणि उत्तर किनाऱ्यावर जाऊन बघशील तर लाल झेंडा, म्हणजे पोहायला बंदी. दुपारी जास्तच चढतो तो. कधी दोन दिवस, कधी सलग चार-पाच दिवस. म्हणून आत्ता घरी बसून सोमवारी बालोस, मंगळवारी अमुक असा तक्ता करूच नकोस. रोज रात्री वाऱ्याचा अंदाज बघ आणि मग सकाळचा बीच ठरव.

वारा नसेल तर एलाफोनिसी. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच, तुमच्या कुटुंबाला बालोसपेक्षा एलाफोनिसी दहापट सोयीचं. हानियाहून ७५ किलोमीटर आहे पण दीड तास लागतो, टोपोलियाच्या घळीतून रस्ता जातो, मध्ये एक बोगदा आहे त्यात एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते. गाडी जवळजवळ वाळूपर्यंत जाते, म्हणजे गुडघ्याचा प्रश्न सुटला. समोर छोटं बेट आणि मध्ये उथळ पाणी, धाकट्याच्या कमरेइतकं असेल फार तर, कोमट, तळ दिसतो, बेटावर चालतच जायचं. वाळू गुलाबी आहे पण सगळीकडे नाही, इन्स्टावाले रंग चढवतात. अगदी पाण्याच्या कडेला, लाट मागे गेली की ओल्या वाळूत गुलाबी रेघ उमटते, बारीक शंख-शिंपल्यांचा आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा चुरा असतो तो. ती वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे, मुलांना आधीच सांग. बेटावरच्या वाळूच्या टेकड्यांना दोऱ्या बांधल्यात, त्यापलीकडे जायचं नाही. नानांना इतिहासाची आवड आहे ना, गणपतीत भेटले होते तेव्हा मला अर्धा तास पानिपत सांगितलं त्यांनी, तर १८२४ मध्ये ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात ह्याच बेटावर लपलेल्या शेकडो लोकांची, बायकामुलांसकट, कत्तल झाली होती, तिथे पाटी आहे. आपण छत्र्या घेऊन पसरलेलो असतो त्याच जागी.

सकाळी नऊच्या आत पोचा. अकराला गेलात तर पार्किंगमध्येच दिवस जाईल.

वारा असेल तर हानियाजवळच राहा. आणि आता हसू नकोस, अक्रोतिरी भागात ‘मराठी’ नावाचा बीच खरंच आहे. बडीशेपेला ग्रीकमध्ये माराथो म्हणतात, त्यावरून नाव, आपला संबंध शून्य. पण तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा बीच तोच. हानियाहून अर्ध्या तासाच्या आत, सूदाच्या खाडीच्या तोंडाशी आणि द्वीपकल्पाच्या दक्षिण बाजूला असल्यामुळे उत्तरेचा वारा डोंगर अडवतो, बाकी सगळीकडे लाल झेंडा असताना तिथे पाणी तळ्यासारखं असतं. छोट्या धक्क्याच्या दोन्ही बाजूंना वाळू, पाणी बराच वेळ उथळ, झाडाची सावली, मागे लागूनच दोन-चार टॅव्हर्ना, म्हणजे तिथल्या खानावळी. आई खुर्चीवर बसून मुलांवर नजर ठेवू शकतील. इन्स्टावर कोणी टाकत नाही कारण फोटोत काही खास दिसत नाही.

फालासार्ना संध्याकाळसाठी ठेवा, वारा कमी असेल तेव्हा. पश्चिमेला तोंड आहे, सूर्यास्त थेट समुद्रात. बीचच्या उत्तर टोकाला जुनं बंदर आहे, ते आता चक्क कोरड्या जमिनीवर आहे. इ.स. ३६५ च्या भूकंपात क्रीटचा पश्चिम भाग वर उचलला गेला, काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत, आणि बंदरातलं पाणीच गेलं. गोदीच्या भिंती, बुरूज, सगळं मातीत उभं. मला विचारशील तर अख्ख्या बेटावर बघण्यासारखं एवढं दुसरं काही नाही, पण मी इंजिनीअर आहे, मुलं कंटाळतील.

शिरीषकाका


प्रेषक: केदार
विषय: रि: रि: क्रीटला जातोय

काका, बालोस असं एका वाक्यात उडवू नका हो 😄

मुग्धा, गाडीने जाऊ नकोस एवढंच खरं. कालिव्हियानीच्या पुढे आठ किलोमीटर कच्चा रस्ता आहे, भाड्याच्या गाड्यांचा इन्शुरन्स बहुतेक वेळा तिथे चालत नाही, टायर आणि गाडीचा खालचा भाग तर नाहीच, आणि गाडी लावून परत खाली वीस-पंचवीस मिनिटं उतरायचं, आणि दुपारच्या उन्हात तेवढंच चढायचं. पण किसामोसच्या बंदरातून मोठी बोट जाते ना! ती आधी ग्राम्वुसा बेटावर थांबते, वर व्हेनिसवाल्यांचा किल्ला आहे १५७९ ते १५८४ मध्ये बांधलेला. १६६९ मध्ये क्रीट तुर्कांनी घेतलं तरी हा किल्ला पुढे वीसेक वर्षं व्हेनिसने सोडला नव्हता. नाना किल्ला चढतील, आई खाली बसतील, मुलं गंजलेलं फुटकं जहाज बघतील, मग बोट बालोसला सोडते. बालोसचं पाणी म्हणजे, काय सांगू, एकाच जागी पांढरं, पोपटी, निळं असे पट्टेच्या पट्टे. फक्त वारा जोरात असेल तर बोट रद्द होते म्हणून तिकीट फार आधी काढू नका, इथे काकांचा मुद्दा मान्य.

आणि दक्षिण किनारा कोणी सांगितलाच नाही?? लिबियन समुद्र! उत्तरेला लाटा असतात तेव्हा तिकडे पाणी बऱ्याचदा सपाट असतं. आम्ही गाडी न घेता सगळं एसटीसारख्या बसने केलं, केटेल नाव त्यांचं. हानियाहून बसने होरा स्फाकियोन, तिथून बोटीने लुत्रो, ह्या गावाला रस्ताच नाही, पांढरी घरं, निळ्या खिडक्या, बोट आली की तेवढीच काय ती गडबड. मधेच ग्लिका नेरा म्हणून बीच आहे, गोट्यांचा, तिथे पाण्यापासून चार पावलांवर हाताने गोटे बाजूला केले की खालून गोडं पाणी येतं, बर्फासारखं गार, डोंगरातलं झिरपून आलेलं. लोक खड्ड्यात बाटल्या गार करत ठेवतात. मुलांना वाळूपेक्षा ह्यात जास्त मजा येईल बघ.

केदार


प्रेषक: शिरीष

केदार, लुत्रो सुंदर आहे पण अर्धवट सांगू नकोस. जोराचा मेल्टेमी असेल तर लेफ्का ओरी डोंगर, जवळजवळ अडीच हजार मीटर उंच आहेत ते, त्यांच्यावरून आणि घळींमधून वारा खाली दक्षिणेला झोतांनी येतो. लाट नसते पण टोपी, टॉवेल, फुगवलेलं खेळणं सगळं समुद्राकडे उडतं, आणि त्यामागे पोरगं गेलं तर वारा त्याला आत ढकलतो. लहान मुलं असतील तर फुगवायचं काही नेऊच नका. तुम्ही दोघंच होतात, तुमचं वेगळं.


प्रेषक: अपर्णा

मुग्धा, खाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, आई शाकाहारी आहेत ना? काही काळजी करू नकोस. ग्रीक लोकांचे उपास असतात भरपूर, १५ ऑगस्टच्या आधीचे पंधरा दिवस तर उपासाचेच, म्हणजे तुम्ही बरोबर त्याच दिवसांत आहात. टॅव्हर्नात ‘निस्तीसिमो’ काय आहे विचार, त्यात मांस, दूध, अंडं काहीच नसतं, फक्त शिंपल्या-झिंग्यांसारखं समुद्रातलं चालतं त्यांना, तेवढं विचारून घे. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठ्ठे पांढरे वाल, फासोलाकिया म्हणजे फरसबी, होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी लिंबू आणि तेल घालून, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच ते. गेमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, त्यात कधीकधी खिमा असतो, ‘होरिस क्रेआस’ म्हणजे बिनमांसाचं असं विचारून घ्यायचं. डाकोस म्हणजे टोमॅटो-चीज घातलेलं टोस्ट, ते आईंना कडक लागेल, नाहीतर टोमॅटोच्या रसात भिजू दे जरा.

जेवण झालं की फळं आणि राकी, म्हणजे तिथली दारू, आणून ठेवतात, बिल न लावता. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, नाना काही नको म्हणणार नाहीत 😊

आणि हो, पाण्यातले बूट सगळ्यांसाठी घे. गोटे तापतात, वाळू पण तापते, दुपारी बारा ते चार सरळ घरी झोपा.



अपर्णाताई


प्रेषक: मुग्धा

काका, ताई, केदार, खूप खूप थँक्स!! प्रिंट काढून ठेवलंय सगळं. बालोसवरून घरात दोन पार्ट्या झाल्यात, अहो आणि नाना बोटीच्या बाजूने. दोनच गोष्टी विचारायच्या होत्या, प्रेवेली करावं का, आणि सगळेच दिवस वारा असला तर मराठी बीचवर मुलं कंटाळणार नाहीत का?


प्रेषक: शिरीष

प्रेवेली ह्या वेळी नको. नदी समुद्राला मिळते, काठाने खजुराची झाडी, २०१० च्या आगीत जळाली होती पण परत हिरवी झाली, जागा अप्रतिमच आहे. पण वरून पायऱ्या उतरायच्या आणि परत येताना सावली नाही. वरच्या मठात मात्र आईंनाही नेता येईल, १९४१ मध्ये जर्मनांनी क्रीट घेतल्यावर तिथल्या साधूंनी दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना लपवलं आणि मग पाणबुडीने पळून जायला मदत केली.

कंटाळले तर एक दिवस कुर्नास तळ्यावर ने. गोडं पाणी, वल्ह्याऐवजी पायडलच्या बोटी मिळतात, कासवं दिसतात, आणि वाऱ्याचा त्रास कमी. जाताना मोठ्या रस्त्यावर मागून कोणी चिकटलं तर उजव्या कडेच्या पट्ट्यावर सरकून वाट द्यायची, तिथे सगळे तसंच करतात, जर्मनीतल्यासारखं लेनमध्ये ठाम बसलीस तर हॉर्न ऐकशील.

अघिया मरीनाचा बीच पण जवळ आहे, समोर थोदोरू बेट असल्यामुळे थोडा आडोसा मिळतो, पण झेंडा बघूनच पाण्यात जायचं.

आणि मराठीला जाताना सूदाला नौदलाचा तळ लागतो, तिथे फोटो काढायला बंदी आहे, पाट्या लावल्यात. नानांचा फोन त्या वेळेपुरता तुझ्याकडे ठेव.