रेवदंडा: परतीचा रविवार किल्ल्यात निवांत घालवायचा आहे

कोथरूडचा_मुक्काम
मुक्काम नागावला आहे. रविवारी (माघ वद्य पंचमी) सकाळी आठला खोली सोडायची आणि मग अख्खा दिवस रेवदंड्यातच. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे कुरकुरतात. गाडी घरची. समुद्राच्या अंगाने तटाबाहेरून चालता येतं का? खाडीपलीकडचा कोर्लई किल्ला त्याच दिवशी बसेल का? आणि पुण्याला परतताना ताम्हिणी घाट उजेडात पार करायचा असेल तर किती वाजता निघावं?

खाडीमुख
तटाबाहेरून चालता येतं, पण ओहोटीलाच. भरतीला पाणी तटाच्या अंगावर येतं आणि वाळूची पट्टी उरत नाही. वेळ काढायचा कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला ५ × ३/४ म्हणजे पावणेचार. त्यानंतर सव्वासहा तासांनी सुकती (पूर्ण ओहोटी), म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास. वद्यात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. इथेच बरेच जण शुद्धातले पंधरा धरून पंचमीची वीस करून बसतात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून हे नियोजनापुरतं. आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्याच.

तुमचं नशीब चांगलं आहे. साडेआठला किनाऱ्यावर उतरा, साडेदहापर्यंत तटाच्या पायथ्याने चाला, ऊन तापायच्या आधी किल्ल्यात शिरा. दुपारी पावणेचार-चारला पुन्हा भरती आहे, तेव्हा 'जेवून मग किनाऱ्यावर जाऊ' हा बेत करू नका. गाडी वाळूवर अजिबात नेऊ नका. वरून घट्ट दिसणारी वाळू खाली ओली असते, चाक रुतलं की एक्सलेटर दाबून ते आणखी खाली जातं आणि तोवर पाणी येतं. पोहायचं असेल तर कुंडलिका नदीच्या मुखापासून लांब राहा. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून समुद्राकडे ओढ घेत असतं.

याच मुखाशी १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. त्यात व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. त्यानंतर निजामशाहीच्या परवानगीने १५२१ ला पोर्तुगीजांनी या कोटाचं काम सुरू केलं. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने घातलेला वेढा कोटाने पचवला. १७४० ला तो मराठ्यांकडे आला. एवढं डोक्यात ठेवून तट बघा, नुसते दगड वाटणार नाहीत.

सुपारीची_वाडी
आतल्या भागाबद्दल. हा किल्ला म्हणजे डोंगरावरचा गड नाही. तटाच्या आत रस्ता, घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या सगळं नांदतं आहे. आगरकोट हे नाव उगाच नाही. त्यामुळे पडके चर्च, कमानी शोधताना तुम्ही कुणाच्या तरी वाडीत उभे असता. हाक मारून विचारा, कुणी नाही म्हणत नाही. खाली पडलेली सुपारी-नारळ उचलू नका आणि माडाखाली गाडी लावू नका. नुसती सुकी झावळी पडली तरी काच जाते.

सातखणी मनोरा चुकवू नका. तो फ्रान्सिस्कन चर्चचा होता. सातही खण आता उभे नाहीत आणि वर जायला जिना नाही, पण खालूनच मान दुखेल इतका उंच आहे. आईंना इथपर्यंत सपाटीवरून येता येईल. तटावर मात्र चढवू नका. चुन्याचे सांधे मुळांनी फोडलेत आणि गवताखाली दगड हलतात.

गावातल्या शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या पंधराव्या शतकातल्या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. तो इथे शेजारच्या चौलला उतरला होता. रविवारी फाटक बंद असेल तर बाहेरून बघा.

जेवण साडेदहाच्या आत सांगून ठेवा. घरगुती खानावळी मोजून रांधतात. दीडला जाऊन 'काय आहे?' विचारलं तर उरलेला भात मिळतो.

तटबंदीवाला
कोर्लई सोडा. चढ आहे, पायऱ्या आहेत, निदान दोन तास जातात, आणि निवांत दिवसाची धावपळ होते. फारच वाटलं तर खाडीवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लई गावापर्यंत जाऊन या. तिथले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात.

त्याऐवजी चौलचं रामेश्वर मंदिर करा. पुष्करिणीच्या काठावर सावलीत आई-बाबांना तासभर बसता येईल. सभामंडपात पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं आहेत. दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या मात्र गुडघ्यांसाठी नाहीत.

कोथरूडचा_मुक्काम
कोर्लई रद्द. पांढरा कांदा मिळेल का तेव्हा?

सुपारीची_वाडी
नवा कांदा तेव्हा यायला लागतो. वेणी घ्या, सुटा घेऊ नका. मान सुकलेली हवी. हिरवट, ओली असेल तर आठवड्यात आतून सडतो. अलिबागच्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरचा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून विकतात, तेव्हा रस्त्यावरच्या ढिगापेक्षा शेतकऱ्याच्या दारातून घ्या. गाडीत डिकीत कोंबू नका, मागच्या सीटवर मोकळा ठेवा.

तटबंदीवाला
परतीचं: अलिबाग-वडखळ रविवारी दुपारनंतर तुंबतो, म्हणून साळाव, चणेरा, रोहा, कोलाड, सुतारवाडी, विळे, ताम्हिणी असं या. साडेचार तास धरा. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, घाटाला सहाच्या आत लागायचं तर तीनला रेवदंडा सोडा. रोहा किंवा कोलाडला टाकी भरा. घाटात फोनला रेंज तुटते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पौड-पिरंगुटला रविवारी संध्याकाळी मुळशीची परत येणारी गर्दी लागेल, ती काही चुकत नाही.