मुलाच्या मेंदूत अरॅक्नॉइड सिस्ट आढळली आहे. ती पुढे वाढते का?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. डोके दुखते म्हणून त्याचा एमआरआय केला, तेव्हा डाव्या कानशिलामागच्या भागात अरॅक्नॉइड सिस्ट असल्याचे अहवालात आले. न्यूरोसर्जन म्हणतात की सध्या काहीही करायचे नाही, वर्षभराने पुन्हा पाहू. पण मेंदूत पाण्याची पिशवी असताना नुसते थांबायचे, हे मनाला पटत नाही. ती वाढली तर? आणि त्याचा फुटबॉल बंद करावा का?

उत्तर १ : मी रेडिओलॉजिस्ट आहे. अरॅक्नॉइड हे मेंदूवरचे पातळ आवरण असते. गर्भावस्थेत त्याचे थर विलग होऊन मध्ये मेंदूभोवतीचाच द्रव साठतो. ही गाठ कर्करोगाची नाही आणि पुढे कर्करोगात बदलत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये साधारण १ ते २ टक्के प्रौढांत अशी सिस्ट दिसते, आणि त्यांतल्या बहुतेकांना तिचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. वाढण्याची शक्यता मुख्यतः वयाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत असते. तुमच्या मुलाच्या वयात ती बरीच कमी होते. शिवाय मुलांची डोकेदुखी पुष्कळदा अर्धशिशीची असते आणि सिस्ट केवळ योगायोगाने सापडते, म्हणून डोकेदुखीचा विचार स्वतंत्रपणे करून घ्या.

उत्तर २ : आमच्या मुलीलाही याच जागी सिस्ट आहे आणि दोन तपासण्यांत तिचा आकार तसूभरही बदललेला नाही. आम्ही पहिल्या एमआरआयची सीडी जपून ठेवली, कारण केवळ लेखी अहवालावरून आकाराची तुलना नीट होत नाही.

प्रश्नकर्ता : मनावरचे ओझे हलके झाले. खेळाबद्दल कोणी सांगेल का?

उत्तर १ : डोक्याला मार लागल्यास क्वचित सिस्ट फुटून द्रव बाहेर येतो किंवा तिच्याजवळची शीर तुटून मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होतो. हा धोका लहान असल्याने सरसकट खेळबंदी सहसा सांगितली जात नाही; तरीही हेडर मारण्याबद्दल न्यूरोसर्जनांना स्पष्ट विचारा. मार लागल्यावर, अगदी काही आठवड्यांनीही, डोकेदुखी वाढत गेली, सकाळी उलट्या झाल्या, दुहेरी दिसू लागले, गुंगी राहिली किंवा फिट आली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.