आकडा ठरलेला, मग भांडण कशाचं?
वर कुणीतरी विचारलंय की एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या, नंबरनुसार खेळाडूचे पैसे ठरलेलेच असतात तर एजंट भांडतात कशावरून. अहो पूर्वी खरंच मोकळं रान होतं, २०१० ला नवख्या सॅम ब्रॅडफर्डने एनएफएलची एकही मॅच न खेळता सहा वर्षांचं ७.८ कोटी डॉलरचं डील घेतलं, पुढच्याच वर्षी नियम बदलले नि पहिल्याच नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे जेमतेम २.२ कोटी! आता ओढाताण बोनस कधी हातात पडणार आणि ऑफसेट यावर, म्हणजे टीमने खेळाडूला काढलं नि त्याला दुसरीकडे काम मिळालं तर जुनी टीम तेवढे पैसे कापणार का. नवखा खेळाडू जोई बोसा २०१६ ला ह्याच्यापायीच ऑगस्टअखेरपर्यंत अडून बसला होता, आणि मला तर त्याचंच बरोबर वाटलं.