४×५ शीटसाठी डेव्हलपर कुठला घ्यावा?

सावलीवाला:
नमस्कार मंडळी, ३५ एमएमच्या रोलला बरीच वर्षं डी-७६ हा डेव्हलपर (फिल्मवरचं चित्र उमटवणारं रसायन) वापरतोय, त्याच्यावर हात बसलाय. आता ४×५ इंचांच्या सुट्या शीटवर सुरू केलंय, फिल्म एफपी-४ प्लस आणि एचपी-५ प्लस, ट्रेमध्येच करतो, एका वेळी चार शीट. प्रिंट काही काँटॅक्ट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून) काही एन्लार्जरवर मोठ्या करून. प्रश्न असा की जो भेटतो तो वेगळंच सांगतो, एकजण म्हणतो लार्ज फॉरमॅटला एचसी-११० शिवाय काही नको, दुसरा रोडिनल, तिसरा पायरोचं (निगेटिव्हवर रंगाचा डाग सोडणारे डेव्हलपर)  नाव घेतल्याशिवाय बोलतच नाही. मी एचसी-११० डायल्यूशन बी (१ भाग सिरप, ३१ भाग पाणी) करून बघितलं, एचपी-५ ला २० डिग्रीवर ५ मिनिटं, शॅडो (दृश्यातले गडद भाग) मस्त आल्या पण आकाशात कडेकडेने गडद-फिकट पट्टे आहेत. ग्रेनपण (चित्रात दिसणारे रवे) बारीक हवाय म्हणून एक्सटॉल हा डेव्हलपर घ्यावा असं डोक्यात आहे. काय करू?

लालदिवा:
दादा, आधी ग्रेन डोक्यातून काढा. ४×५ च्या निगेटिव्हचं क्षेत्रफळ ३५ च्या फ्रेमच्या साधारण १३ पट आहे, १६×२० ची प्रिंट काढलीत तरी जेमतेम ४ पट मोठं करताय, तीच प्रिंट ३५ वरून काढायची तर जवळपास १७ पट जावं लागतं. काँटॅक्टला तर ग्रेनचा विषयच नाही. म्हणूनच रोडिनल, जो १८९१ पासून आहे आणि ३५ च्या फास्ट फिल्मला ग्रेन दाखवतो म्हणून लोक टाळतात, तो ४×५ वाले बिनधास्त वापरतात.

तुमचं खरं दुखणं ५ मिनिटांत आहे. ट्रेमध्ये चार शीट एकामागून एक आत जातात, पहिली भिजून कामाला लागली तरी चौथी अजून हातातच असते, वर त्या एकमेकींवर पडलेल्या. एवढ्या कमी वेळात सुरुवातीचा फरक भरून निघायला सवडच मिळत नाही आणि आकाशासारख्या सपाट भागात तो लगेच उघडा पडतो. डेव्हलपर बदलू नका, पातळ करा. १+६३ करा, म्हणजे १ भाग सिरपला ६३ भाग पाणी, लोक त्याला डायल्यूशन एच म्हणतात, बी च्या निम्म्या ताकदीचं. वेळ साधारण दुप्पट, म्हणजे १० मिनिटांपासून सुरू करा.

फक्त सिरप पुरतंय ना ते बघा. ४×५ च्या चार शीट म्हणजे ८० चौरस इंच, ३६ फ्रेमचा एक रोल किंवा ८×१० ची एक शीट तेवढीच. एवढ्याला किमान ६ मिली सिरप असावं असं बरेचजण धरतात. १+६३ च्या एका लिटरमध्ये साडेपंधरा मिली येतं, तेव्हा चार शीटला चिंता नाही. आणि हे नको असेल तर तुमचा डी-७६ आहेच की! १+१ करून एफपी-४ ला ११ मिनिटं, एचपी-५ ला ११ ते १३ च्या मधे, वापरला की ओतून द्यायचा.

खाचखूण:
लालदिवांशी सहमत, पण पट्टे निव्वळ वेळेमुळे नाहीत, हातामुळेही असतात. ४×५ साठी ८×१० चा ट्रे घ्या आणि द्रावण चांगलं खोल ठेवा, ट्रे अगदी मापाचा असला की ढवळताना पाणी कडेला आपटून शीटच्या कडेवरून जोरात वाहतं आणि तिथे जास्त डेव्हलप होतं. शीट इमल्शनची (चित्र उमटतं तो थर) बाजू वर ठेवून एकेक करून आधी साध्या पाण्यात सोडा, एकदम चारही नाही, कोरड्या शीट एकमेकींना चिकटल्या तर सोडवताना इमल्शन जातं. तुमच्या फिल्म बनवणारी इलफर्ड कंपनी प्री-सोकची, म्हणजे असं आधी पाण्यात भिजवण्याची, शिफारस करत नाही हे माहितीये, पण ते टँकला ठीक, हाताने गड्डी फिरवताना मी तरी भिजवल्याशिवाय घालणार नाही.

मग तळातली शीट अलगद काढायची, वर ठेवायची, हलकेच दाबायची, परत तळातली. चारही एकदा फिरल्या की अर्धं मिनिट व्हावं या बेताने. पहिली शीट उलट्या दिशेने ठेवा, म्हणजे तिची खाच (शीटच्या कडेला कोपऱ्याजवळ कापलेली ओळखखूण) बाकीच्यांच्या विरुद्ध कोपऱ्यात येते आणि अंधारात बोटाला कळतं की एक फेरी झाली. काढलेली शीट वर ठेवताना तिचा कोपरा खालच्या शीटच्या इमल्शनला घासतो, तेवढं सांभाळा.

तपकिरी_छटा:
पायरोबद्दल मी बोलतो कारण मी तोच वापरतो आणि मनापासून आवडतो, पण तुम्हाला आत्ता घ्या म्हणणार नाही. त्याची गंमत डागात आहे, जिथे चांदी जास्त तिथे रंगाचा डागही जास्त. पीएमके या पायरो डेव्हलपरचा पिवळट-हिरवा डाग व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट पेपरवर (फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणारा कागद) हायलाइटमध्ये, म्हणजे उजळ भागांत, मऊ फिल्टरसारखं काम करतो, ढग आणि फेसाळ पाणी हाताबाहेर जात नाही. पायरोकॅट-एचडी या दुसऱ्या प्रकाराचा तपकिरी डाग यूव्ही अडवतो, त्यामुळे डोळ्याला सपाट वाटणारी निगेटिव्ह प्लॅटिनम-पॅलेडियम किंवा सायनोटाइप या यूव्ही प्रकाशात छापायच्या पद्धतींना भरदार कॉन्ट्रास्ट देते. तुम्ही तसलं काही करणार असाल तर जरूर या वाटेला या.

पण पीएमकेतलं पायरोगॅलॉल काय, पायरोकॅटमधलं कॅटेकॉल काय, दोन्ही विषारी, कातडीतून आत जातात. उघड्या हाताने ट्रेमध्ये अजिबात नाही, नायट्राइल ग्लोव्हज हवेतच, आणि पावडर स्वतः मोजण्यापेक्षा तयार द्रावण घ्या, ती उडून नाकात जाणं वाईट.

सावलीवाला:
एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, आभार. प्लॅटिनम वगैरे सध्या नाही. पण एक्सटॉल पूर्णच सोडू का?

खाचखूण:
वाईट नाहीये, उलट शॅडोत किंचित जास्त देतो आणि व्हिटॅमिन सीच्या कुळातला असल्याने हाताळायला बरा. ड्रममध्ये फिरवून करणाऱ्यांचा तर लाडका. पण पाच लिटरची पावडर एकदम करायची, आणि तो मेला तर रंगावरून कळत नाही, स्वच्छ दिसतो आणि शीट कोरी निघते. वापरत असाल तर दर वेळी आधी उजेडात ठेवलेल्या फिल्मचा तुकडा बुडवून बघा, काळाकुट्ट झाला तरच खऱ्या शीट घाला. आणि पुढे कधी ड्रमवर गेलात तर लक्षात ठेवा, सतत फिरतं म्हणून टँकच्या वेळेतून साधारण १५ टक्के कमी करून सुरुवात करायची, डेव्हलपर कुठलाही असो.

लालदिवा:
आणि रोलला जे जमत नाही ते शीटला जमतं, त्याचा फायदा घ्या. एकाच दृश्याच्या दोन शीट काढा. पहिली एकटीच १+६३ मध्ये १० मिनिटं करा, वाळवून तुमच्या नेहमीच्या पेपरवर काँटॅक्ट काढा. आकाश पांढरं फटक पडत असेल तर दुसरी साडेआठ मिनिटं, प्रिंट मेंगळट असेल तर साडेअकरा. शॅडोच रिकाम्या असतील तर मात्र वेळ वाढवून उपयोग नाही, तिथे एक्स्पोजरच वाढवा, एचपी-५ ला आयएसओ ४०० ऐवजी २०० धरून मोजा.